मागं काय सोडलं? तगड्या गड्यासमोर बचावातून उलटा हल्ला

बुद्धिबळात तगडा गडी समोर बसला की आपण बहुधा दोनपैकी एका प्रकारे हरतो. एक तर दहाव्या चालीलाच अंगात वारं शिरतं. प्यादं सोड, घोडा सोड, हाण राजावर, आणि पंचविसाव्या चालीला आपण हात मिळवून चहाच्या टपरीवर. नाहीतर गोगलगायीसारखं शंखात शिरायचं, सगळे मोहरे राजाभोवती गोळा करायचे आणि चाळिसाव्या चालीपर्यंत गुदमरून जायचं. मी दोन्ही प्रकारे भरपूर हरलोय. दुसऱ्या प्रकारे जरा जास्तच, मास्तरकीचा स्वभाव.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात शिकवतो. शाळेच्या व्हरांड्यात सहा पट आहेत. त्यातल्या एकाचा काळा हत्ती हरवलाय, त्याच्या जागी खोडरबर उभं असतं. पारावरचे दोन-तीन म्हातारे अजून देशी पद्धतीनं खेळतात: प्यादं एकेकच घर चालतं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. त्याच पारावर मी सातवीत असताना एका कॉलेजच्या पोराकडून मार खात होतो. मागं आबाजी तंबाखू मळत उभे होते. त्यांना राहवलं नाही. "अबे पोट्ट्या, त्यानं काय आनलं थे नको पाहू. मांगं काय सोडून आला थे पाय!"

तो डाव मी हरलोच. पण पुढं जे काही वाचलं, खेळलो, पोरांना शिकवलं, ते फिरून फिरून आबाजींच्या त्या वाक्याशीच येऊन थांबतं. हल्ला करायला निघालेला प्रत्येक मोहरा कुठलंतरी घर राखायचं सोडून निघालेला असतो. ते घर सापडलं की तुमचा बचाव संपला आणि हल्ला सुरू झाला.

बसण्याआधी थोडा हिशोब

मानांकनाचं, म्हणजे रेटिंगच्या आकड्याचं, सूत्र सांगतं की समोरचा २०० गुणांनी वर असेल तर १०० डावांत तुमच्या वाट्याला साधारण २४ गुण येतात. फरक ४०० चा असेल तर ९. यात बरोबरीचे अर्धे गुणही धरलेत. म्हणजे हरणं हेच नेहमीचं, पण शून्यही नाही. त्यात मार्च २०२४ पासून फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, मानांकनाची तळरेषा १००० वरून १४०० केली. त्यामुळे तालुक्याच्या स्पर्धेत १४५० आणि १५०० वाले ढीगभर भेटतात आणि त्यांच्यात नेमका तगडा कोण ते आकड्यावरून कळत नाही. आकडा एकदा पाहा आणि विसरा.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकाला बातुमीत गेली तेव्हा स्पर्धेतल्या क्रमवारीत ती १५ वी होती. वाटेत तिनं दुसऱ्या क्रमांकाच्या झू जिनेरला हरवलं, माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवलं, अंतिम फेरीत टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या जलद डावांत) कोनेरू हंपीला हरवलं आणि तिथूनच ग्रँडमास्टर होऊन परतली. आमच्या शाळेतल्या मुलींनी तेव्हा फळ्यावर तिचं नाव लिहिलं होतं. तीन आठवडे कुणी पुसू दिलं नाही.

धमकी मोजा, घाबरू नका

समोरच्यानं चाल केली की पहिला प्रश्न: आता मी काहीच केलं नाही, तर तो नेमकं काय करणार? मनातल्या मनात त्याला लागोपाठ दोन चाली देऊन पाहा. पुष्कळदा असं निघतं की वजीर दणक्यात आलाय, पण धमकी काहीच नाही. किंवा धमकी आहे, पण तिला अजून तीन चाली लागतात. त्या तीन चाली तुमच्या मालकीच्या आहेत. नवखा खेळाडू इथंच फसतो. तीन चालींनी येणाऱ्या मात होण्याच्या धमकीला तो आजच तीन चाली खर्चून उत्तर देतो आणि हातात काही उरत नाही.

मग मागं बघा

हा दुसरा प्रश्न मी पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घेतो: हा मोहरा आत्तापर्यंत काय राखत होता?

माझाच एक डाव सांगतो. गणपतीतली तालुक्याची रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा होती आणि मी काळे मोहरे घेऊन बसलो होतो. समोरचा माझ्यापेक्षा बराच वरचा होता आणि चाली इतक्या भराभर करत होता की माझ्या कानाची पाळी तापली. पट मांडून पाहा (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी त्याच्या बाजूनं १ ते ८). पांढरा: राजा जी१, वजीर एच५, हत्ती जी३, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर बी७, हत्ती डी८, प्यादी ए७, एफ७, जी७, एच६.

माझ्या घरातली हवा टाईट आहे. वजीर एच६ चं प्यादं खाऊ शकतो, कारण जी७ च्या प्याद्याला हलताच येत नाही. जी३ वरचा हत्ती त्याच्या आरपार राजाकडं बघत बसलाय. प्यादं खाल्लं की पुढच्या चालीला जी७ वर मात. एवढं त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

आता आबाजींचा प्रश्न विचारा. एच५ वर बसलेला वजीर आणखी काय करतोय? एच५, जी४, एफ३, ई२, डी१ अशी तिरपी रेघ काढा. तो वजीर तिकडून हल्ला करता करता स्वतःच्या घरची शेवटची ओळही राखतोय. माझा हत्ती आत्ता डी१ वर गेला तर वजीर तो सरळ खाईल. पण वजीर एच६ वर गेला की ती रेघ सुटते.

त्यानं एच६ चं प्यादं खाल्लं, घड्याळ दाबलं आणि खुर्चीत मागं टेकला. मी हत्ती डी१ वर ठेवला. मात. त्याचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागं कोंडलेला. जी३ चा हत्ती परत येऊन मध्ये पडू शकत नव्हता आणि वजीरही. आधी शांतपणे एच३ करून राजाला खिडकी उघडून दिली असती, तर मी बचाव करत बसलो असतो आणि बहुधा हरलोही असतो.

यात माझी हुशारी एवढीच की त्याच्या आदल्या चालीला मी हत्ती डी८ वर आणून ठेवला होता. कशासाठी? खरं सांगायचं तर मोकळी फाईल (प्यादी नसलेली उभी रांग) दिसली म्हणून. पण तेव्हापासून ही सवय जाणूनबुजून लावून घेतली. बचावाच्या दोन सारख्या चाली असतील, तर ज्या चालीमुळे त्याच्या एखाद्या मोहऱ्याच्या गळ्यात दोन कामं पडतात ती घ्यायची. दोन कामं गळ्यात असलेला मोहरा एक ना एक दिवस त्यातलं एक काम विसरतो.

कमीत कमी माणसं जागलीवर

आमच्याकडं तुरीत रानडुकरं येतात. रात्री जागलीला चार जण असतील आणि आवाज आला म्हणून चौघंही एकाच कोपऱ्याकडं धावले, तर दुसरा धुरा (बांध) उघडा पडतो. पटावर अगदी हेच. एका घोड्यानं भागत असेल तर तिथं उंटही आणू नका. राजाजवळ एफ६ वर (काळ्यांकडून) किंवा एफ८ वर बसलेला एक घोडा पुष्कळदा अख्ख्या हल्ल्याला पुरून उरतो. बाकीचे मोहरे मधल्या घरांवर नाहीतर मोकळ्या फाईलवर राहू द्या. वेळ आली की उलटा हल्ला तेच करणार आहेत.

राजासमोरची प्यादी शक्यतो हलवू नका. एच६ केलं की समोरच्याला जी४, जी५ करून घासायला तुम्हीच कडा दिली. कधीकधी एच६ करावंच लागतं, पण "काहीतरी करायचं म्हणून" नव्हे.

मोहरे कमी करायचे तर कुठलेही नाही. त्याच्या हल्ल्यातला ज्याच्यावाचून भागणार नाही असा मोहरा शोधा. बहुधा तो डी३ वरून एच७ कडं बघणारा उंट असतो. घोडा बी४ वर नेऊन तो काढून घेता आला तर बाकीचा हल्ला निम्मा होतो. वजीर मारामारीत गेला तर उत्तमच, पण केवळ भीतीपोटी वजीर बदलायला धावू नका. तगडे गडी शेवटच्या भागात आपल्याहून जास्तच तगडे असतात.

प्यादं द्या, वेळ घ्या

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडा लांबवतो. गावोगावच्या स्पर्धांत पांढऱ्याचा एक हल्ला पोरं हमखास करतात. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आणि मग घोडा जी५. एफ७ वर घोडा आणि उंट दोघांचा डोळा. तुम्ही काळे आहात. डी५ करून उंटाची वाट अडवता, तो ई प्याद्यानं डी५ चं प्यादं खातो.

आता हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडं जातो, ते प्यादं परत घ्यायला. तिथंच फास आहे. पांढरा घोड्यानं एफ७ खातो. तुमचा राजा तो घोडा खातो. वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि डी५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, भर चौकात उभं राहावं लागतं. तिथून वाचता येतं असं म्हणतात. मी वाचलेलो नाही.

त्याऐवजी दुसरा घोडा, सी६ चा, ए५ वर न्या. सोळाव्या शतकातल्या पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या नावानं हा बचाव ओळखला जातो. घोडा पटाच्या काठावर गेला, एक प्यादं गेलं, दिसायला सगळं वाईट. पण सी४ चा उंट आता मारात आहे. तो बी५ वरून शह देतो, तुम्ही सी६. पांढरा डी५ च्या प्याद्यानं ते प्यादं खातो, तुम्ही बी प्याद्यानं परत खाता आणि उंट पुन्हा मारात येतो. तो ई२ वर पळतो. तुम्ही एच६, घोडा मारात, तो एफ३ वर परत. तुम्ही ई४, घोडा पुन्हा मारात, तो ई५ वर. तुम्ही उंट डी६, आणि त्याच घोड्याला परत नोटीस.

इथं थांबा आणि बोटावर मोजा. पांढऱ्यानं दहा चाली केल्या. त्यातल्या चार एकाच घोड्यानं, तीन एकाच उंटानं आणि तीन एकाच प्याद्यानं. बाकी मोहरे अजून घरीच. प्यादं त्याच्याकडं एक जास्त आहे, हे खरंच. पण हल्ला करायला आलेला आता स्वतःचेच मोहरे सांभाळतोय आणि पुढं काय घडायचं ते तुम्ही ठरवताय. आमची पोरं हे पाठ करतात. पाठ करण्यात काही वावगं नाही, फक्त प्रत्येक चालीला "कोण मारात आला?" हे तोंडानं म्हणत पाठ करा. मग तीच युक्ती दुसऱ्या ओपनिंगमध्येही (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींत) ओळखू येते. शुद्ध बचाव करणारी चाल आणि बचाव करता करता कुणावर तरी गुरकावणारी चाल, दोन्ही असतील तर दुसरी घ्या.

तगड्या गड्याला मोहरा देऊन सुटण्याचं उत्तम उदाहरण १९५३ च्या झ्युरिकच्या स्पर्धेतलं. अमेरिकेच्या रेशेव्हस्कीची मधली प्यादी पेट्रोस्यानवर (पुढं जगज्जेता झालेला) चालून येत होती. पेट्रोस्यानला आपला घोडा डी५ वर बसवायचा होता, पण त्याची वाट ई७ वरून आणि तिथं स्वतःचाच हत्ती. २५ व्या चालीला त्यानं तो हत्ती ई६ वर ठेवला, चक्क उंटाच्या मारात. प्याद्याची वाट अडली, घोड्याची मोकळी झाली. हत्ती गेला, घोडा डी५ वर जाऊन बसला आणि पुढं रेशेव्हस्कीलाच आपला हत्ती परत द्यावा लागला. डाव बरोबरीत सुटला. आपल्यासारख्यानं यातून एवढंच उचलावं: गुदमरत असाल तर काहीतरी देऊन श्वास घ्या, पण देताना एका मोहऱ्याला पटावरचं सगळ्यात चांगलं घर मिळालं पाहिजे. नुसतं दिलं तर ते दान झालं.

मध्ये फोडा

तो बाजूनं येतोय, जी४, एच४ करत, आणि त्याचा राजा अजून ई१ वरच आहे? मग तुमची प्यादी मध्ये चालली पाहिजेत. डी५ बसतंय का ते पाहा. मधली फाईल उघडली की बाजूला गेलेले त्याचे मोहरे परत यायला वेळ खातात आणि राजाला घर उरत नाही. मात्र मधलं सगळं प्याद्यांनी बंद असेल, म्हणजे त्याची डी४, ई५ आणि तुमची डी५, ई६, तर मध्ये डोकं आपटून उपयोग नाही. तेव्हा सी५ करून साखळीच्या मुळावर घाव घाला, नंतर एफ६ करून टोकावर. मूळ आधी.

कधी उलटायचं?

उलटा हल्ला हरतो तो बहुतेक वेळा एक चाल लवकर केल्यामुळे. त्याची धमकी जिवंत असताना तुम्ही धावलात की तो आधी पोचतो. मी काही खुणा बघतो. त्याचा एखादा मोहरा आलेल्या वाटेनंच परत गेला. त्याचे दोन मोहरे एकमेकांनाच राखत बसलेत, म्हणजे दोघंही बांधले गेले. पाच मिनिटं विचार करून त्यानं नुसती वाट बघणारी चाल केली. आणि सगळ्यात पक्की खूण: त्यानं बरोबरी मागितली. वरचा खेळाडू खालच्याकडं बरोबरी मागतो तेव्हा त्याला काहीतरी दिसलेलं असतं जे तुम्हाला अजून दिसलेलं नसतं. अशा वेळी हो-नाही लगेच म्हणू नका. घड्याळ तुमचं चालू आहे, पटाकडं बघा.

१९१८ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेच्या मार्शलनं पुढं जगज्जेता झालेल्या कापाब्लांकावर स्वतः तयार केलेला प्यादं सोडून करायचा हल्ला चढवला. कापाब्लांकानं प्यादं घेतलं, राजाभोवतीचं वादळ एकेक चालीनं निवू दिलं, मग वजिराच्या बाजूची प्यादी पुढं काढली आणि जिंकला. मध्ये कुठंही घाई नाही. तो डाव पटावर मांडून बघा, आणि बचाव संपून हल्ला कोणत्या चालीला सुरू होतो ते स्वतः ठरवा. माझं आणि माझ्या एका विद्यार्थ्याचं त्यावर एकमत होत नाही.

उलटलात की मग शह, मारामारी, धमकी या क्रमानं चाली तपासा. त्याला निवड जितकी कमी, तितकं बरं. हाच एक टप्पा आहे जिथं घड्याळातला वेळ सढळ हातानं खर्च करायचा. बचावात वेळ जपा, इथं उडवा.

घरी सराव

फोनमध्ये चाली तपासणारं इंजिन आहे, पण डाव संपल्या संपल्या ते लावू नका. आधी स्वतः बसा. आमच्याकडं रेंजच अशी की हा संयम आपोआप येतो.

व्हरांड्यात आम्ही असं करतो: एखाद्या डावातली वाईट, पण पुरती न हरलेली स्थिती घ्यायची. चांगल्या पोराला हल्ल्याची बाजू, कच्च्याला बचावाची. दहा-दहा मिनिटांचं घड्याळ. डाव संपला की पट फिरवायचा आणि तीच स्थिती पुन्हा. दुसऱ्या खेपेला हल्ला करणारा पोरगा बघण्यासारखा असतो. आपण मघाशी किती घाबरलो होतो आणि इथं घाबरण्यासारखं किती थोडं होतं, हे त्याला आतून दिसतं.

आणि एक वही. खेळताना तुमच्या नोंदीच्या कागदावर चाली, वेळ, बरोबरीचा प्रस्ताव असं डावाच्या नोंदीचंच लिहिता येतं, स्वतःसाठी टिपणं काढणं नियमात बसत नाही. म्हणून हे काम घरी आल्यावर. डाव वहीत उतरवायचा आणि समोरच्याच्या प्रत्येक चालीपुढं एक रकाना: मागं काय सोडलं. बहुतेक ओळींत "काही नाही" येईल. आठवीतल्या एका मुलीनं मागच्या महिन्यात हरलेला डाव असा लिहून आणला. एकोणिसाव्या चालीपुढं तिनं लिहिलं होतं, "सी२ चं घर. मला दिसलं होतं सर, पण हिंमत झाली नाही." आम्ही पट मांडला. घोडा सी२ वर ठेवला. राजा आणि हत्ती, दोघंही एकदम मारात.